भिंत आणि खिडकी

प्रेमाच्या गोष्टीला एक भिंत लागते. दोन माणसे एकमेकांना आवडली, भेटली आणि सुखाने नांदू लागली, एवढ्यावर गोष्ट उभी राहत नाही. रोमन कवी ओव्हिड याने दोन हजार वर्षांपूर्वी पिरामस आणि थिस्बी यांची कथा सांगितली. तिच्यात तर खरीखुरी भिंत आहे. शेजारी शेजारी दोन घरे, आईबापांची मनाई, आणि मधल्या भिंतीला पडलेली एक बारीक भेग. त्या भेगेतून दोघे कुजबुजत. त्या कथेचा शेवट रक्ताने झाला. परंतु शेक्सपिअरच्या हाती ती पडली तेव्हा 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये त्याने सहा अडाणी कारागिरांना तिचे नाटक करायला लावले. भांडी सांधणारा स्नाउट तेथे भिंतीचे काम करतो आणि भेग म्हणून स्वतःची दोन बोटे फाकवून उभा राहतो. जी भिंत रडवीत होती तीच हसवू लागली.

आपल्या मराठी रंगभूमीला विटांची भिंत फारशी लागली नाही, माणसांची पुरली. देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदे'त पाहा. म्हातारा भुजंगनाथ, पैशाला हपापलेला कांचनभट, आणि दोघांच्या मध्ये घिरट्या घालणारा लग्नांचा दलाल भद्रेश्वर दीक्षित. शारदेभोवती एवढी माणसे उभी आहेत, की बिचारीला श्वास घ्यायला जागा नाही. त्याच देवलांच्या १९१६ सालच्या 'संशयकल्लोळा'त एक तसबीर नको त्या हाती जाते आणि तेवढ्यावरून सगळी मंडळी एकमेकांच्या मागे धावत सुटतात. आपला विनोद गर्दीतून जन्मला. आत्या, मावश्या, शेजारी, मध्यस्थ, पत्रिका पाहणारे, पोहे करणाऱ्या, पडद्याआडून ऐकणाऱ्या अशा सगळ्यांच्या लुडबुडीवर तो पोसला.

मग जेथे मनाई करणारे कोणीच नाही, लुडबूड करणारे कोणीच नाही, तेथे विनोद कोठून यावा? हा प्रश्न काही रिकामटेकड्याचा नव्हे. आज तुमच्याआमच्या घरांतली मुलेमुली नोकरीसाठी दूरच्या शहरांत एकेकट्या खोल्यांत राहतात आणि जोडीदार शोधायचा झाला तर हातातल्या फोनवर शोधतात. त्यांच्या प्रेमाची गोष्ट कोणी सांगायची ठरवली तर भिंत कोणती दाखवावी?

या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर एका लहानशा परदेशी चित्रपटात आहे. त्याचे नाव 'मेदियानेरास'. अर्जेंटिनाच्या गुस्ताव्हो तारेत्तो या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. याच नावाचा एक लघुपट त्याने २००५ साली केला होता. तोच धागा वाढवून त्याने हा चित्रपट रचला आणि २०११ साली तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्यात मोठे नट नाहीत, मारामारी नाही, नाचगाणी नाहीत. भाषा स्पॅनिश; खाली इंग्रजी अक्षरे वाचत पाहावा लागतो. तरीही घरातल्या थोरांनी आणि तरुणांनी एकत्र बसून पाहावा आणि मग फराळाच्या ताटावर त्याबद्दल वाद घालावा, अशा योग्यतेचा तो आहे.

आधी नावाचा अर्थ सांगितला पाहिजे, कारण सगळी गंमत तेथेच दडली आहे. ब्युनोस आयर्स शहरात इमारती एकमेकींना खेटून बांधल्या जातात. इमारतीला दर्शनी बाजू असते, तिला सज्जे आणि नक्षी. मागची बाजू असते, तिला अंगण किंवा मोकळी हवा. आणि शेजारच्या जमिनीच्या हद्दीवर उभी असते ती कडेची आंधळी भिंत. तिला खिडकी पाडायला कायद्याने बंदी. ही कडेची भिंत म्हणजे मेदियानेरा. शेजारची इमारत बुटकी असली की ही भिंत उघडी पडते. तिच्यावर ओल चढते, पोपडे धरतात, जाहिराती रंगवल्या जातात. म्हणजे इमारतीचे जे अंग तिने जगाला दाखवायचे ठरवले नव्हते, तेच सर्वांच्या नजरेस पडते. माणसाचेही असेच असते, नाही का?

चित्रपट सुरू होतो तो इमारतींच्या चित्रांनी. एकामागून एक इमारती दिसतात: उंचीच्या शेजारी ठेंगणी, देखणीच्या शेजारी कुरूप, कशाचा कशाला मेळ नाही. आणि मागून मार्तीन नावाचा तरुण गंभीर आवाजात सांगत असतो, की या शहरातल्या ताटातुटी, घटस्फोट, लठ्ठपणा आणि उदासी या सगळ्यांचा दोष वास्तुशास्त्रज्ञांकडे जातो. हे बोलणे ऐकून आपण हसतो आणि हसता हसता थबकतो. थट्टा म्हणून मांडलेली ही फिर्याद पुढच्या दीड तासात जवळजवळ सिद्ध होणार असते.

मार्तीन संगणकावर संकेतस्थळे तयार करण्याचे काम करतो. एका अरुंद, अंधाऱ्या खोलीत राहतो. त्याची प्रेयसी अमेरिकेला निघून गेली आणि जाताना स्वतःची लहानशी पांढरी कुत्री त्याच्या गळ्यात टाकून गेली. त्याला माणसांचे आणि रस्त्यांचे भय वाटते. बाहेर पडताना तो पाठीवर भली मोठी थैली घेतो, आणि तिच्यात संकटकाळी लागतील अशा इतक्या वस्तू भरतो की पाहणाऱ्याला वाटावे, हा हिमालय चढायला निघाला. प्रत्यक्षात तो कोपऱ्यापर्यंत जाणार असतो. मानसोपचार करणारे लोक ज्या देशात विपुल आहेत त्या देशातला हा तरुण. त्याच्या वैद्याने त्याला शहर हिंडून छायाचित्रे काढायला सांगितली आहेत. हाविएर द्रोलास या नटाने हे काम असे केले आहे की त्याच्या भित्रेपणाची कीव येत नाही. तो आपल्या ओळखीचा वाटतो.

समोरच्याच भागात, दुसऱ्या इमारतीत मारियाना राहते. पिलार लोपेस दे आयाला ही स्पॅनिश नटी हे काम करते. मारियाना वास्तुशास्त्र शिकलेली, पण तिने आजवर एकही घर बांधलेले नाही. पोटासाठी ती दुकानांच्या दर्शनी काचेमागे कपडे घातलेले पुतळे मांडते. चार वर्षांचे एक नाते मोडून ती पुन्हा आपल्या जुन्या खोलीत आली आहे आणि सामानाची खोकी तशीच पडली आहेत. तिला लिफ्टचे भय वाटते. म्हणून कितीही मजले असले तरी ती जिना चढते. घरात बोलायला माणूस नाही, तेव्हा ती एका पुतळ्याशी बोलते. दुकानाच्या काचेपुढे कोणी क्षणभर थांबले तर तिला वाटते, हा माणूस थोडासा आपल्यापाशीच थांबला.

या दोघांनी एकमेकांना ओळखावे म्हणून आपण तळमळतो. ती एकाच पदपथावरून, एकमेकांच्या अंगावरून जातात. दोघांच्या घरी एकाच रात्री दूरचित्रवाणीवर वुडी ॲलनचा 'मॅनहॅटन' लागतो. दोघेही एकेकटे बसून तो पाहतात आणि डोळे पुसतात. मध्यंतरी दोघांच्याही आयुष्यात एकदोन माणसे येतात. मार्तीनच्या कुत्रीला फिरवायला नेणारी एक मुलगी येते, मारियानाला पोहण्याच्या तलावावर एक पुरुष भेटतो. ती माणसे वाईट नाहीत. परंतु पाहुणे जसे यावे आणि चहा न घेता जावे, तशी ती जातात.

विनोदी चित्रपटात माणसे एकमेकांना धडकतात. येथे ती एकमेकांना धडकत नाहीत, हाच विनोद आहे. ही कल्पना सोपी नाही. न घडणाऱ्या गोष्टीवर हसवणे हे घडणाऱ्या गोष्टीवर हसवण्याहून कठीण. तारेत्तोने ते साधले आहे, कारण त्याने प्रत्येक प्रसंग मोजका ठेवला आहे आणि पात्रांच्या दुःखाचे भांडवल केलेले नाही.

मारियानाजवळ लहानपणापासूनचे एक पुस्तक आहे. मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकाराने १९८७ साली सुरू केलेल्या त्या पुस्तकमालेत प्रत्येक पानावर शेकडो बारीक माणसांची गर्दी असते आणि तिच्यात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची बंडी घातलेला वॉली नावाचा एक गृहस्थ दडलेला असतो. त्याला शोधायचे. आपल्याकडच्या मुलांनाही आता ही पुस्तके ठाऊक आहेत. मारियानाने सगळ्या पानांवरचा वॉली शोधला; फक्त शहराच्या पानावरचा तिला वर्षानुवर्षे सापडलेला नाही. तिला त्यातून जो प्रश्न पडतो तो सबंध चित्रपटाचा गाभा आहे. ज्याचा चेहरा, कपडे, टोपी सारे ठाऊक आहे तो एका पानावर सापडत नाही. मग जो कसा दिसतो तेही ठाऊक नाही, असा माणूस लाखोंच्या शहरात कसा सापडावा?

हा प्रश्न आपण हसण्यावारी नेऊ नये. आमच्या पिढीला शोधावे लागले नाही, असे नव्हे. परंतु आमच्यासाठी पान लहान होते. जात, गाव, नात्यातली चार घरे आणि वधुवर सूचक मंडळाची वही, एवढेच ते पान. त्या लहान पानाने कितीकांचे आयुष्य चिरडले हे विसरून चालणार नाही. शारदा त्याच पानावरची. परंतु पान फाडून त्याजागी सबंध शहर पसरून दिले, म्हणजे मुलांचे काम संपले असे नाही. ते सुरू होते.

आता तारेची गोष्ट. मार्तीन आणि मारियाना अखेर एकमेकांशी बोलतात, ते संगणकावर. ओळख नसलेल्या लोकांनी टंकलेल्या शब्दांतून गप्पा मारण्याची एक जागा असते, तेथे दोघे योगायोगाने समोरासमोर येतात. कोण कोणाशी बोलत आहे हे त्यांना ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. बोलणे रंगते. दोघे मोकळे होतात. फोनचे आकडे द्यायची वेळ येते, आणि नेमकी त्याच क्षणी शहराची वीज जाते. पडदा काळा. दोघे अंधारात धडपडत मेणबत्त्या आणायला बाहेर पडतात आणि एकाच दुकानात एकमेकांशेजारी उभे राहतात. आता बोलले तर सारे होईल. पण ती दोघे अनोळखी. अनोळखी माणसाशी अंधारात कोण बोलतो? मेणबत्त्या घेऊन दोघे आपापल्या वाटेने जातात.

मला हा प्रसंग साऱ्या चित्रपटात मोलाचा वाटतो. यंत्राला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. तारेत्तो त्यांच्यातला नाही. तारेने दोघांना जोडले हे तो मान्य करतो. वीज गेल्यावर ती तुटली हेही दाखवतो. आणि मग हळूच दाखवतो, की तार नसताना ती हातभर अंतरावर होती, तरीही काही झाले नाही. दोष मग कोणाचा? तारेचा नव्हे, अंधाराचा नव्हे. जवळ उभ्या असलेल्या माणसाशी पहिला शब्द बोलण्याची सवय मोडली, त्याचा.

हा चित्रपट दाखवला गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ साली, अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे 'टिंडर' निघाले, आणि जोडीदार शोधण्याच्या फोनवरच्या साधनांना, ज्यांना आता सारे 'डेटिंग ॲप' म्हणतात, जगभर ऊत आला. ज्या वाचकांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोनवर एकेक चेहरा येतो, खाली नाव, वय आणि दोनचार ओळी. आवडला तर बोटाने उजवीकडे सारायचा, नाही तर डावीकडे. दोघांनीही एकमेकांना उजवीकडे सारले तरच बोलता येते. २०१४ साली 'बंबल' नावाचे दुसरे साधन निघाले. त्यात जोडी जुळल्यावर पहिला शब्द स्त्रीनेच लिहायचा असा नियम ठेवला होता. शारदेच्या तोंडाला कुलूप घालणाऱ्या काळाशी ताडून पाहिले तर ही गोष्ट लहान नाही, आणि तिला नावे ठेवणाऱ्यांत मी जाणार नाही.

परंतु विनोदाच्या लेखकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. या साधनात नकार कोणी कोणाला तोंडावर देत नाही. डावीकडे सारलेल्या माणसाला ते कळतही नाही. दाखवण्याच्या कार्यक्रमात नाक मुरडणारी वरमाय पत्करली, असे मी म्हणणार नाही. तिने पुष्कळ मुलींना रडवले आहे. पण ज्या नकाराला आवाज नाही, त्याच्यावर कोणाला रागावता येत नाही, कोणाशी भांडता येत नाही आणि मागाहून हसताही येत नाही. 'संशयकल्लोळा'त एका तसबिरीने दोन घरे हलवली, कारण तसबिरीमागे धावणारी माणसे होती. येथे तसबिरी हजारो, आणि धावणारे कोणी नाही. एक बोट तेवढे हलते. भद्रेश्वर दीक्षित निदान दिसत तरी होता. त्याच्या लबाडीवर प्रेक्षक हसले आणि संतापले. आताच्या मध्यस्थाला तोंडच नाही.

येथवर मी चित्रपटाची स्तुती केली. आता त्याचे उणे सांगितले पाहिजे आणि त्यासाठी एका जुन्या चित्रपटाशेजारी त्याला उभे करावे लागेल.

अर्न्स्ट लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' हा १९४० सालचा अमेरिकन बोलपट. गोष्ट बुडापेस्टची, मिक्लोश लास्लो या हंगेरियन लेखकाच्या नाटकावरून घेतलेली. मातुशेक नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात क्रालिक हा तरुण आणि क्लारा ही तरुणी कामाला आहेत. जेम्स स्ट्युअर्ट आणि मार्गरेट सुलावन यांनी ही कामे केली. दिवसभर दोघे एकमेकांच्या जिभेची धार सोसतात. आणि रात्री प्रत्येकजण एका अज्ञात मित्राला सुंदर पत्रे लिहितो. वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीवरून तो पत्रव्यवहार जमलेला आहे. नावे कोणी कोणाला सांगितलेली नाहीत. क्रालिक जिला पत्रे लिहितो ती क्लाराच, आणि क्लारा ज्याच्या पत्रांची वाट पाहते तो क्रालिकच. याच कथेवरून पुढे १९४९ साली एक संगीत चित्रपट निघाला आणि १९९८ साली 'यू हॅव गॉट मेल' निघाला. त्यात कागदी पत्रांच्या जागी संगणकावरची पत्रे आली. 'मेदियानेरास' याच घराण्यातला आहे. सख्खा नसला तरी चुलत.

लुबिचचा एक प्रसंग असा. दोघांनी एका कॅफेत भेटायचे ठरते. तिने 'अ‍ॅना कॅरेनिना' हे पुस्तक आणि त्यात एक तांबडे फूल, अशी खूण ठेवायची. नेमकी त्याच दिवशी क्रालिकची नोकरी जाते. त्याचा धीर खचतो. आत जायचे धैर्य होत नाही, म्हणून तो आपल्या दुकानातला सोबती पिरोविच याला सांगतो, खिडकीतून तू पाहा आणि ती कशी आहे ते मला सांग. पिरोविच हा वयाने मोठा, बायकापोरांचा, भिडस्त माणूस. मालकाने प्रामाणिक मत विचारले की हळूच जिन्याआड पळणारा. फेलिक्स ब्रेसार्ट या नटाने हे काम अजरामर केले आहे. पिरोविच खिडकीला नाक लावून पाहतो. पुस्तक दिसते, फूल दिसते, मग चेहरा दिसतो. आता हे याला सांगायचे कसे? तो हळूहळू वळणे घेत, थोडीथोडी तयारी करीत क्रालिकला सांगतो, की ही मुलगी दिसायला आपल्या क्लारासारखी आहे. क्रालिक उसळतो, आणि पिरोविच त्याला शांतपणे समजावतो, की क्लारा आवडत नसेल तर ही मुलगीही आवडायची नाही. कारण ती क्लाराच आहे.

हा प्रसंग मी कितीदा आठवला असेन, आणि दरवेळी मला वाटते की लुबिचच्या चित्रपटाचा आधार क्रालिक नव्हे, क्लारा नव्हे, तर खिडकीशी उभा असलेला हा तिसरा माणूस आहे. तो दलाल नाही. त्याला कमिशन नको. तो पहारेकरी नाही. त्याने मनाई केलेली नाही. मित्राला दिसत नाही ते तो पाहतो, आणि जे पाहिले ते सांगतो. पुढे क्रालिक आत जातो, आपण कोण ते न सांगता तिच्या टेबलाशी बसतो आणि तिच्याकडून यथेच्छ बोलणी खातो. पत्रातली कोमल मुलगी आणि दुकानातली फटकळ मुलगी ही एकच आहे, हे त्याला सोसावे लागते, पचवावे लागते. नाताळच्या आदल्या रात्री ती दोघे एकमेकांना ओळखतात तेव्हा आपली खात्री असते, की हा संसार टिकेल. कारण एकमेकांचे वाईट त्यांनी आधीच पाहिले आहे.

'मेदियानेरास'मध्ये ही खात्री मिळत नाही. शेवटाकडे मार्तीन आणि मारियाना, दोघेही आपापल्या खोलीतल्या आंधळ्या भिंतीला बेकायदा खिडकी पाडून घेतात. बाहेरून त्या भिंतींवर मोठाल्या जाहिराती रंगवलेल्या आहेत. एक खिडकी अंतर्वस्त्रांच्या जाहिरातीत उघडते. कोठे उघडते ते घरगुती अंकात लिहिण्याजोगे नाही. पाहणारा खळखळून हसतो एवढेच सांगतो. वर्षानुवर्षांच्या अंधाऱ्या खोलीत ऊन येते. आणि मग एके दिवशी मारियाना आपल्या नव्या खिडकीतून खाली पाहते, तो रस्त्यावरच्या गर्दीत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बंडीतला एक तरुण कुत्रीला घेऊन चाललेला. शहराच्या पानावरचा वॉली! ती तडक खाली येते आणि त्याच्यासमोर उभी राहते.

हे दृश्य फार गोड आहे. पाहताना डोळे भरून येतात. पण समीक्षकाने डोळे पुसल्यावर विचार करायचा असतो. बंडी हा काही स्वभाव नव्हे. ही दोघे भांडली नाहीत, एकमेकांच्या भयाचा त्रास त्यांनी सोसला नाही, एकदाही एकाने दुसऱ्याला कंटाळून पाठ फिरवली नाही. ओळख पटणे आणि ओळख होणे यांत जो फरक आहे तो दिग्दर्शकाने गोडव्यात बुडवून टाकला. भेटीवर गोष्ट संपवणे हे परीकथेला शोभते. परंतु ज्या चित्रपटाने दीड तास इतक्या चोख नजरेने एकटेपणा पाहिला, त्याने जोडपे होण्यातले कष्टही थोडे दाखवायला हवे होते. एका अर्थी फोनवरच्या तसबिरी जे वचन देतात तेच हा शेवट देतो: खूण जुळली की झाले.

हे उणे कशामुळे आले, असा विचार करता मला पिरोविच आठवला. मार्तीन आणि मारियाना यांना मित्र नाहीत. कोणी शेजारी नाही, जो सांगेल की समोरच्या इमारतीतला तो मुलगा जरा विक्षिप्त आहे, पण कुत्रीची काळजी घेतो. कोणी मैत्रीण नाही, जी म्हणेल, पुतळ्याशी बोलणे पुरे झाले, चल माझ्याबरोबर. तिसरा माणूस नसल्यामुळे एकमेकांना बोलते करणारे, तोलून पाहणारे, चुकले तर हसणारे कोणी नाही. त्यामुळे सारा भार योगायोगावर पडतो आणि योगायोगाला शेवटी बंडीचा आधार घ्यावा लागतो. चित्रपटाचा दोष म्हणून मी हे दाखवतो. परंतु ते त्या शहराचे खरे चित्रही आहे. तारेत्तोने पिरोविच घातला नाही, कारण त्याला आसपास तो दिसला नसावा.

ब्युनोस आयर्समध्ये कावानाग नावाची १२० मीटर उंचीची इमारत आहे. ती १९३६ साली पुरी झाली. तिच्याबद्दल तेथे एक दंतकथा सांगतात. कोरिना कावानाग या श्रीमंत स्त्रीचे एका बड्या घराण्यातल्या तरुणाशी जमले होते. घराण्याने ते मोडले. त्या घराण्याने बांधलेले चर्च त्यांच्या वाड्यातून दिसत असे. कोरिनाने मधली जमीन घेतली आणि चर्च झाकून जाईल अशी उंच इमारत उभी केली. इतिहासकार ही कथा खरी मानत नाहीत. पण लोकांनी ती जपली, यात अर्थ आहे. माणसांनी माणसांना नकार दिला की त्याच्या भिंती होतात आणि त्या शंभर वर्षे उभ्या राहतात. त्या जुन्या भिंतीला निदान राग होता. मार्तीनच्या भिंतीला राग नाही, लोभ नाही. ती केवळ आहे.

म्हणून हा चित्रपट तरुणांपेक्षा त्यांच्या घरच्यांनी अधिक लक्षपूर्वक पाहावा, असे मला वाटते. शाळेत शिकवताना मी मुलांना बाकावर शेजारी बसलेली पाहतो. काही वर्षांनी तीच मुले चार शहरांत चार खोल्यांत राहायला जातात. त्यांच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवून आपण सारा दोष तेथे ठेवतो. पण आपण त्यांच्या बाबतीत आजवर दोनच भूमिका केल्या. एक मनाई करणाऱ्याची आणि दुसरी भद्रेश्वराची. पहिलीला मुले आता जुमानत नाहीत, आणि दुसरी यंत्राने आपल्याहून स्वस्तात पत्करली. तिसरी भूमिका मात्र अजून रिकामी आहे, आणि ती यंत्राला करता येत नाही. विचारले तर खिडकीशी उभे राहावे, काय दिसते ते खरे सांगावे आणि मग बाजूला व्हावे. पिरोविचने यापेक्षा अधिक काही केले नाही. तेवढ्यावर क्रालिक त्या दारातून आत गेला.